कापडाच्या विमानाला पत्र्याचे टवके: एका वेलिंग्टन मॉडेलचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका मॉडेलकार मित्राचे. त्याच्या परवानगीने लिहितो आहे, नाव मात्र गाळतो. हात सफाईदार, एअरब्रश दहा वर्षे वापरलेला, सांधे भरण्यात माझ्यापेक्षा सरस. म्हणजे नवशिक्याची चूक म्हणून हसून सोडून द्यावे असे हे नाही. उलट सराव झालेल्या हातानेच ही चूक केली.

मॉडेल होते व्हिकर्स वेलिंग्टन, मार्क वन-सी, १/७२ प्रमाणात. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा २६ मीटरांहून थोडा जास्त, म्हणजे मॉडेलवर साधारण साडेछत्तीस सेंटिमीटर. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या अर्ध्यात ब्रिटिश बॉम्बर कमांडचा रात्रीचा भार ज्या विमानांनी वाहिला त्यांत हे सगळ्यांत पुढे. मे १९४२ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरावर हजार विमानांचा हल्ला झाला, तेव्हा त्यातली निम्म्याहून अधिक विमाने वेलिंग्टनच होती. वैमानिक लाडाने तिला 'विम्पी' म्हणत.

मित्राने निवडली होती १९४१ च्या उन्हाळ्यातली रंगसंगती: वरून डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खालून आणि दोन्ही कुशींवर बरेच वरपर्यंत 'नाइट' म्हणजे काळा, कुशीवरच्या वर्तुळाभोवती पिवळे कडे, स्क्वॉड्रनची अक्षरे राखाडी. याआधीचे त्याचे मोठे काम लँकॅस्टर होते. ते छान उतरले होते. पंखांच्या मुळाशी बुटांनी घासलेला रंग, काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) कडांवर चंदेरी टवके, म्हणजे रंग उडाल्याच्या खुणा, पॅनेलच्या रेघांत गडद वॉश, म्हणजे फटीत साचणारा अगदी पातळ रंग. आता वेलिंग्टनही रात्रीचे बॉम्बरच, त्याच देशाचे, त्याच रंगांचे. त्यामुळे तीच कृती जशीच्या तशी पुन्हा वापरायची असे त्याने ठरवले. पहिला निर्णय हाच होता, आणि तो निर्णय आहे हे त्याच्या लक्षातही आले नाही.

काय बिघडले

बांधणी, प्रायमर, मूळ रंग, चकचकीत पारदर्शक थर, डिकल (चिकटवायची छापील चिन्हे आणि अक्षरे), पुन्हा चकचकीत थर. इथपर्यंत सगळे सुरळीत. मग त्याने पूर्ण मॉडेलवर काळपट तपकिरी इनॅमल वॉश फिरवला. वेलिंग्टनच्या अंगभर तिरपी जाळी असते, किटमध्ये ती उठावात कोरलेली होती. वॉश त्या जाळीच्या प्रत्येक कडेला जाऊन बसला. पुसल्यावर सपाट भाग स्वच्छ झाला आणि शंकरपाळ्यांच्या आकाराचे जाळे ठसठशीत उमटले. त्याला ते आवडले. तपशील 'उठून' आला होता.

दोन आठवड्यांनी स्पंजाने चंदेरी टवके दिले. नॅसेल (पंखावरचे इंजिनाचे कवच), काउलिंग, मग पंखांचा मधला भाग, मग कुशीवर दरवाजासारखे काही दिसेल तिथे, मग शेपटीवर. स्पंजाची गंमत अशी की पहिले दहा ठिपके विचार करून पडतात आणि पुढचे शंभर लयीत पडतात.

मी पाहायला गेलो तेव्हा मॅट वार्निश मारायचे बाकी होते. विमान टेबलावर होते, खिडकीतून तिरपा उजेड येत होता. मी जे बोललो ते फार सौम्य नव्हते: "हे विमान आहे की कोळ्याच्या जाळ्यात सापडलेला पत्र्याचा डबा?" तो चिडला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "काहीतरी खटकतंय हे मलाही दिसतंय. पण नेमकं काय, ते सांग."

नेमके सांगायला मलाही अर्धा तास लागला.

चुकीचे मूळ

लँकॅस्टरच्या अंगावर ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. रंग उडाला की खालून धातू चमकतो, आणि दोन पत्रे जिथे भेटतात त्या फटीत तेल-धूळ साचते. टवका आणि वॉश या दोन्हींना तिथे कारण आहे.

वेलिंग्टनच्या अंगावर कापड आहे. बार्न्स वॉलिस यांनी आखलेला तिचा सांगाडा ड्युरॅल्युमिनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, पट्ट्यांच्या तिरप्या जाळीचा. त्या जाळीवर लाकडी पट्ट्या बसवलेल्या, त्यांवर आयरिश लिननचे कापड ताणून त्याला डोपचे, म्हणजे कापड घट्ट करणाऱ्या लाखेसारख्या द्रवाचे, थर दिलेले. म्हणजे रंग आणि धातू यांच्यामध्ये कापडही आहे आणि लाकूडही आहे. कापडावरचा रंग कितीही खरवडा, खालून चंदेरी धातू डोकावणार नाही. आणि जाळी ही फट नाही, कापडाखालचा उंचवटा आहे. तिथे धूळ साचायला जागाच नाही. उजेड तिरपा पडला की ती दिसते, समोरून पडला की जवळपास लपते.

हे त्याला पटावे म्हणून मी जेम्स वॉर्डची आठवण काढली. जुलै १९४१, न्यूझीलंडच्या ७५ व्या स्क्वॉड्रनची वेलिंग्टन, जर्मनीतल्या म्युन्स्टरवरून परतत होती. जर्मन रात्र-लढाऊ विमानाच्या हल्ल्यात उजव्या इंजिनापाशी आग लागली. सहवैमानिक सार्जंट वॉर्ड कमरेला दोर बांधून हवेत बाहेर पडला आणि पंखावरून इंजिनापर्यंत सरपटत गेला. हातापायांना आधार कशाचा? त्याने कापडाला लाथा मारून भोके पाडली आणि आतली जाळी पकडली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. विमान परतल्यावर काढलेल्या छायाचित्रात ती भोके दिसतात. लाथ मारून जे फाटते त्यावर पत्र्याचे टवके रंगवणे म्हणजे धोतराला गंज चढवण्यासारखे आहे.

मित्राचा बचावही ऐकण्यासारखा होता. त्याने छायाचित्रे पाहिली नव्हती असे नाही. त्या काळातल्या एका कृष्णधवल छायाचित्रात पंखावर फिकट ठिपके दिसत होते, तेच त्याने उघडा धातू समजून घेतले होते. दोघांनी मिळून ते छायाचित्र मोठे करून पाहिले. ठिपक्यांच्या कडा सरळ होत्या, दोन तर चक्क चौकोनी. ती ठिगळे होती, कापड फाटले की डोपने चिकटवतात ती, त्यांवरचा रंग ताजा म्हणून वेगळ्या छटेचा. छायाचित्राने त्याला फसवले नव्हते. डोक्यात लँकॅस्टर ठेवून त्याने ते वाचले होते.

प्रमाणाचा हिशेबही इथेच केला. १/७२ मध्ये एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर सव्वासात सेंटिमीटरचा. स्पंजाचा सरासरी ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा धरला तरी तो तळहाताच्या निम्म्याएवढा. असे तीनशे-चारशे. धातूच्या विमानावरसुद्धा इतकी दुरवस्था झाली असती तर जमिनीवरच्या फिटरने ते उडू दिले नसते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तसेच सोडण्याचा. हा पर्याय वाटतो तितका आळशी नाही. मॉडेल त्याचे, कपाट त्याचे, आणि पाहणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना कापड-पत्रा कळणार नाही. पण एकदा कळल्यावर त्याला स्वतःला ते न दिसणे शक्य नव्हते. त्याने हा पर्याय दहा मिनिटांत सोडला.

दुसरा, सगळा रंग उतरवून प्लास्टिकपासून सुरुवात. तांत्रिकदृष्ट्या सर्वांत स्वच्छ. पण काचेचे भाग बसवलेले होते, मशीनगनच्या नळ्या लागलेल्या होत्या, आणि रंग उतरवणारे द्रव पारदर्शक प्लास्टिकला काय करील याची खात्री नव्हती. शिवाय जुने डिकल गेले की नवे मागवावे लागणार.

तिसरा पर्याय मला मोहक वाटला होता, हे कबूल करतो: वरून पांढरा रंग मारून तिला कोस्टल कमांडची समुद्रावरची वेलिंग्टन करून टाकायची. एका दगडात दोन पक्षी. पण थोडा विचार केल्यावर लक्षात आले की काळ्या जाळीवर पांढरा रंग चढवायला इतके थर लागतील की उठाव बुजतील. आणि त्या कामावरच्या पुष्कळ विमानांना रडारच्या अँटेना होत्या, त्या किटमध्ये नव्हत्या. चूक झाकायला दुसरी चूक आणली असती.

चौथा, दुरुस्ती तुकड्यातुकड्याने. वॉश इनॅमलचा होता, खालचे थर ॲक्रिलिकचे. म्हणजे व्हाइट स्पिरिटने वॉश काही प्रमाणात सुटेल आणि खालच्या रंगाला धक्का लागणार नाही. टवके मात्र ॲक्रिलिक रंगाचे. त्यांना विरघळवेल असे जे काही, ते खालचा रंगही खाणार. तेव्हा टवके काढायचे नाहीत, त्यांवरून रंग फवारायचा. मॅट वार्निश अजून मारले नव्हते हे आमचे नशीब, नाहीतर वॉश कायमचा आत कोंडला गेला असता.

चौथा ठरला. ठरवताना आम्ही एक अट घातली: पुढे जो डाग पडेल त्याला कारण तोंडाने सांगता आले पाहिजे. कोणी, कशाने, केव्हा. सांगता आले नाही तर डाग नाही.

प्रत्यक्ष काम

पहिल्यांदा वॉश. व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून निथळलेला सपाट ब्रश, आणि पुसण्याची दिशा विमानाच्या नाकाकडून शेपटीकडे, म्हणजे काही उरलेच तर हवेच्या ओघाने वाहिल्यासारखे दिसावे. दोन आठवडे सुकलेला वॉश पूर्ण निघाला नाही. माझ्या अंदाजाने निम्म्याहून थोडा जास्त निघाला. जाळीचे काळेपण राखाडीवर आले. त्याच दिवशी पुसले असते तर जवळपास सगळे निघाले असते.

मग त्याने ठरलेला बेत मोडला. टवके काढायचे नाहीत असे ठरले होते, तरी एका संध्याकाळी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टूथपिक ओली करून त्याने डाव्या पंखावर प्रयोग केला. चार टवके अलगद निघाले, म्हणून धीर चढला. पाचव्यापाशी पारदर्शक थर, हिरवा रंग आणि प्रायमर एकदम सुटले, खालचे प्लास्टिक उघडे. दोन ठिकाणी असे झाले. नंतर तो म्हणाला, "चार यशांनी मला पाचव्याचं खोटं वचन दिलं." त्या खड्ड्यांच्या कडा बारीक सँडपेपरने पाण्यात घासून उतरत्या केल्या, प्रायमर, पुन्हा घासणे. एक पूर्ण आठवडा याच दोन ठिपक्यांत गेला.

रंगाची फवारणी हे खरे नाजूक काम. हिरवा आणि मातकट, दोन्ही रंग मूळ छटेपेक्षा किंचित फिकट केलेले, थिनर भरपूर, हवेचा दाब कमी, सुई जेमतेम उघडी. एका फेरीत झाकायचे नाही, पाच-सहा विरळ फेऱ्यांत टवके बुडवायचे. हे करताना एक अनपेक्षित फायदा झाला. विरळ थरांमुळे रंग सगळीकडे सारखा बसला नाही, कुठे जुना, कुठे नवा, आणि उन्हापावसात उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाचा विटलेला रंग आपोआप उतरला. याचे श्रेय घ्यायला तो आजही तयार नाही.

डिकल झाकायला त्याने मास्किंग टेप लावली. हाताच्या पाठीवर दोनदा चिकटवून तिचा जोर कमी करायला हवा होता. तेवढे एकदा विसरला, आणि उजव्या कुशीवरचे राखाडी अक्षर टेपबरोबर अर्धे उचलले गेले. मला वाटले, आता प्रकरण संपले. पण त्याने डाव्या कुशीवरचे तेच अक्षर टेपवर गिरवून स्टेन्सिल कापली आणि अक्षर फवारून काढले. ते वाळल्यावर असे दिसले की रंगवलेले अक्षर कापडावर बसल्यासारखे वाटते आणि दुसऱ्या कुशीवरचे डिकल चिकटवल्यासारखे. मग त्याने चांगली असलेली डिकल-अक्षरेही स्वतःच खरवडून काढली आणि सगळी रंगवली. हा निर्णय धाडसी होता, बरोबरही होता, पण अपघात झाला नसता तर तो घेतला गेला नसता.

पोटाचा काळा रंग. 'नाइट' हा निखळ काळा नव्हता, आणि लहान प्रमाणात निखळ काळा रंग भोकासारखा दिसतो, आकारच गिळतो. गडद निळसर राखाडी मिसळून तो उजळवला. जाळीवर इथे काहीच केले नाही. टेबलावरचा दिवा जे करतो तेवढे पुरे होते.

आता कारण असलेले डाग. वेलिंग्टनवर धातू कुठे आहे याची आम्ही यादी केली, ती लहान निघाली: काउलिंग, नॅसेलचे पत्रे, प्रोपेलर, चाकांचे पाय, टरेटच्या (मशीनगनच्या फिरत्या घुमट्यांच्या) चौकटी. काउलिंगच्या फटींपाशी, जिथे फिटर रोज झाकण उघडतो, तिथे बारीक ब्रशच्या टोकाने मोजून दहा-बारा खुणा. स्पंज त्याने खणात ठेवून दिला. वेलिंग्टनच्या पेगॅसस इंजिनाचे धूर गोळा करणारे कडे काउलिंगच्या अगदी पुढच्या ओठावर असते. ते तापून पितळी-तपकिरी होते. त्याने ते आधी काउलिंगसारखेच काळे रंगवले होते. नुसते हे कडे बदलल्यावर इंजिन जिवंत झाले, सगळ्या टवक्यांनी मिळून केले नव्हते एवढे काम या एका रंगाने केले. धुराड्याच्या तोंडापासून मागे काजळी, आधी रुंद तपकिरी, मग तिच्या पोटात अरुंद गडद, मग अगदी विरळ राखाडी. नॅसेलखाली तेलाचे ओघळ ऑइल कलरने, कारण हवेने थंड होणारे तारकाकार इंजिन तेल गाळतेच. नाकाखाली विमानातल्या माणसांनी चढण्याची झडप आहे, शिडी लावून आत जातात, म्हणून तिच्या कडांवर बुटांची सुकलेली माती.

शेवटी ठिगळे. पंखावर तीन, कुशीवर दोन, टेपमधून कापलेले दीड-दोन मिलिमीटरचे चौकोन, मूळ रंगाच्या एका छटेने ताजे. छायाचित्रातले ते फिकट ठिपके अशा रीतीने मॉडेलवर आलेच. डाव्या पंखावर अल्कोहोलने रंग खाल्ला होता त्या दोन जागांवर नेमकी दोन ठिगळे बसवली. हे मी सुचवले नव्हते. त्याने केले आणि मग मला दाखवले, तोंडावर चोराचे हसू.

निष्पत्ती

मॉडेल पूर्ण झाले. वॉश पुसायला घेतल्यापासून मॅट वार्निशपर्यंत सात आठवडे, म्हणजे मूळ रंगकामाच्या दुप्पट. समोरून आणि वरून ते कापडाचे विमान वाटते. उजव्या पंखाच्या मागच्या भागात, जिथे वॉश सर्वांत जाड बसला होता, तिथे जाळीच्या रेघा अजून करड्या दिसतात. आणखी एक थर देऊन त्या झाकता आल्या असत्या, पण तिथला उठाव आधीच बोथट झाला होता. थांबायचे ठरले. शेपटीजवळ एक चंदेरी ठिपका निसटला आहे. तो कुठे आहे ते मी सांगणार नाही, कारण अजून त्याला सापडलेला नाही.

पुन्हा करायचे झाले तर

रंग उघडण्याआधी कागदावर विमानाचे तीन बाजूंचे चित्र काढून प्रत्येक भाग कशाचा आहे ते लिहायचे: कापड, पत्रा, काच, रबर. वीस मिनिटांचे काम. ते केले असते तर स्पंज उचललाच गेला नसता. तो आता मॉस्किटो या दुसऱ्या ब्रिटिश विमानाचे किट घेऊन बसला आहे. तिचे अंग प्लायवुडचे, म्हणून कागदावर पहिला शब्द त्याने 'लाकूड' असा लिहिला आहे.

किटमधली जाळी खूपच उठावदार होती. प्रायमरच्या आधी ती बारीक सँडपेपरने थोडी खाली आणायला हवी होती. खरे कापड ढोलाच्या चामड्यासारखे ताणलेले असते, तिथे एवढे खड्डे नसतात. इथे एक सापळाही आहे. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या संग्रहालयात जी वेलिंग्टन आहे ती १९४० च्या शेवटच्या दिवशी स्कॉटलंडमधल्या लॉख नेस सरोवरात उतरवावी लागली होती आणि १९८५ मध्ये वर काढली. तिची छायाचित्रे पाहिली की उघडी जाळी डोळ्यांत भरते आणि मॉडेलवरही तीच ठळक करावीशी वाटते. पण ते पंचेचाळीस वर्षे पाण्यात राहिलेल्या विमानाचे रूप आहे, उडणाऱ्या विमानाचे नाही.

वॉशबाबत आमचे एकमत नाही. मी म्हणतो, कापडाच्या भागावर तो वापरूच नये. तो म्हणतो, मूळ रंगाच्या अगदी जवळच्या छटेचा, पाण्यासारखा पातळ, आणि फक्त पंख व ॲलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) यांमधल्या खऱ्या फटीत चालेल. बहुधा त्याचेच बरोबर आहे, कारण ती फट खरोखर फट आहे. पण चाचणीचा तुकडा दोघांनाही मान्य: किटच्या उरलेल्या प्लास्टिकवर तोच प्रायमर, तेच थर, आणि त्यावर वॉश चढवून दोन तास, दोन दिवस, दोन आठवडे अशा अंतराने पुसून पाहायचा. असा तुकडा या वेळी नव्हता, त्याची जागा उजव्या पंखाने घेतली.

आणि मी आणखी तीन आठवडे आधी डोकावायला हवे होते. त्याने बोलावले होते, मीच म्हणालो होतो, पूर्ण झाल्यावर येतो.